तलवारीच्या चकतीवरची कादंबरी: त्सुबावरच्या गेन्जीको खुणा कशा वाचाव्यात

जपानी तलवारीचं पातं आणि मूठ यांच्यामध्ये धातूची एक चकती असते. तिला त्सुबा म्हणतात. कटाना या लांब तलवारीची त्सुबा साधारण 7 ते 8.5 सेंटिमीटर व्यासाची, तर वाकिझाशी या आखूड तलवारीची त्याहून थोडी लहान. आपल्याकडच्या तलवारीची परज मुठीलाच जोडलेली असते. त्सुबा मात्र सुटी निघते, बदलता येते. घरात एकाच पात्यासाठी निरनिराळ्या प्रसंगांच्या त्सुबा असू शकत. 1876 साली मेइजी सरकारनं तलवार बाळगून फिरण्यावर बंदी घातली, तेव्हा अशा हजारो चकत्या पात्यांपासून वेगळ्या होऊन युरोप-अमेरिकेतल्या संग्रहांत गेल्या. म्हणूनच आज मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर त्या एकेकट्या, कागदावर ठेवलेल्या दिसतात.

या चकत्या पाहताना अधूनमधून एक विचित्र खूण भेटते: पाच उभ्या रेघा, त्यातल्या काही वरच्या टोकाला आडव्या पट्टीनं जोडलेल्या. पाहणारा तिला जाळी समजतो, कंगवा समजतो, नाहीतर ‘नक्षी’ म्हणून पुढे जातो. ती खूण म्हणजे एका कादंबरीतल्या एका अध्यायाचं नाव असतं आणि ते नाव तिथवर सुगंधाच्या खेळातून पोचलेलं असतं. ती वाचता येते. थोडी शिस्त लागते, एवढंच.

आधी खेळ समजून घ्या

कादंबरी म्हणजे ‘गेन्जी मोनोगातारी’. जपानच्या हेइआन काळातल्या दरबारातली मुरासाकी शिकिबू ही तिची लेखिका. तिच्या रोजनिशीतल्या 1008 सालच्या नोंदीत या कथेचा उल्लेख येतो. अध्याय 54 आहेत. यातल्या 32व्या ‘उमेगाए’ या अध्यायात गेन्जी घरातल्या स्त्रियांना धूप बनवायला सांगतो आणि एका राजपुत्राला परीक्षक बसवतो. म्हणजे सुगंधाची पारख हा या कथेचा मूळचाच विषय आहे.

गेन्जीको नावाचा खेळ मात्र खूप नंतरचा. क्योहो काळात, म्हणजे 1716 ते 1736 च्या दरम्यान, तो आजच्या रूपात रुळला असं सर्वसाधारणपणे मानतात. रीत अशी: पाच प्रकारचं सुगंधी लाकूड घ्यायचं आणि प्रत्येकाच्या पाच-पाच पुड्या बांधायच्या. 25 पुड्या मिसळून त्यातल्या पाच उचलायच्या. एकेक पुडी उघडून लाकडाची कपची अभ्रकाच्या पातळ तुकड्यावर ठेवायची. खाली राखेत पुरलेला निखारा असतो. लाकूड जळत नाही, फक्त तापतं आणि धूर न होता वास सुटतो. धूपदान हातोहात फिरतं. आधी नमुना दिला जात नाही, त्यामुळे ‘हे चंदन, ते अगरू’ असं ओळखायचं नसतं. पाचांपैकी कोणते वास एकसारखे होते, एवढंच सांगायचं.

उत्तर लिहिण्याची पद्धत अशी. पाच फेऱ्यांसाठी पाच उभ्या रेघा काढायच्या, उजवीकडून डावीकडे, जपानी लिखाण चालतं तशा. जे वास सारखे वाटले, त्यांच्या रेघा वरून जोडायच्या. पाचही वेगळे वाटले तर पाच सुट्या रेघा राहतात. ती खूण ‘हाहाकिगी’ या दुसऱ्या अध्यायाची. पाचही एकच असतील तर सगळ्या रेघांवर एक सलग पट्टी येते. ती ‘तेनाराई’, म्हणजे 53वा अध्याय.

पाच गोष्टींची अशी गटवारी नेमकी 52 प्रकारे करता येते. अध्याय 54 असल्यामुळे पहिला ‘किरित्सुबो’ आणि शेवटचा ‘युमे नो उकिहाशी’ बाजूला ठेवले आणि मधल्या 52 अध्यायांना एकेक खूण मिळाली. गणित आणि साहित्य इतक्या सहज जुळून यावं, याचा मला दर वेळी आनंद होतो. त्यातही एक गंमत आहे: 25 पुड्यांतून पाच उचलताना पाचही एकाच वासाच्या निघण्याची शक्यता 10,626 मध्ये एक. ‘तेनाराई’ प्रत्यक्ष खेळात आयुष्यभर न भेटण्याचीच शक्यता जास्त, पण धातूत कोरायला तिला कोण अडवणार?

घरी एकदा खेळून पाहा

हे टाळू नका. खूण हातानं काढल्याशिवाय ती वाचण्याची सवय लागत नाही. महागडं अगरू लागत नाही. उटण्याच्या सामानातल्या पाच गोष्टी घ्या: चंदन, वाळा, नागरमोथा, कचोरा आणि सुक्या गुलाबपाकळ्या. प्रत्येकाची पूड करून एकाच प्रकारच्या कागदात पाच-पाच पुड्या बांधा, आतल्या बाजूला पेन्सिलीनं बारीक खूण करा. पेटवायचं काही नाही. कोमट तव्यावर वाटी ठेवून त्यात चिमूटभर पूड टाकली की पुरे. दोन फेऱ्यांमध्ये वाटी बदला, नाहीतर आधीचा वास रेंगाळतो. घरातल्या कुणीतरी पाच पुड्या क्रमानं द्याव्यात, तुम्ही रेघा काढाव्यात. नागरमोथा आणि कचोरा यांत गफलत होऊन एखादी रेघ चुकीची जोडली गेली, की त्या एका पट्टीनं अख्खा अध्याय कसा बदलतो ते लक्षात राहील.

पहिली पायरी: त्सुबा सरळ धरा

खूण वाचण्याआधी चकतीची वरची-खालची आणि पुढची-मागची बाजू ठरवायलाच हवी. मधोमध उभट, पाचरीसारखं भोक असतं, त्याचं नाव नाकागो-आना. त्यातून पात्याचा मुठीत जाणारा भाग आरपार जातो. या भोकाचं निमुळतं टोक धारेकडचं असतं. कटानाची त्सुबा पाहताना ते वर ठेवायचं, कारण कटाना कमरेला धार वर करून खोचत.

आता पुढची बाजू. मधल्या भोकाच्या अलीकडे-पलीकडे आणखी एक किंवा दोन भोकं असतात. अर्धचंद्रासारखं भोक लहान सुरीच्या दांड्यासाठी, आणि तीन पाकळ्यांसारखी कड असलेलं कोगाई या केस नीट करायच्या सळईसाठी. धारेचं टोक वर असताना अर्धचंद्र डावीकडे आणि तीन पाकळ्या उजवीकडे दिसल्या, तर तुमच्यासमोर दर्शनी बाजू आहे. कारागिराची सही असेल तर तीही बहुधा याच बाजूला, मधल्या भोकाजवळच्या लंबगोल सपाट जागेवर सापडते.

यावर इतका जोर देतो आहे त्याला कारण आहे. खूण आरपार कोरलेली असेल तर ती दोन्ही बाजूंनी दिसते आणि मागून पाहिली की उलटी होते. उजवीकडच्या दोन रेघा जोडलेली खूण मागून डावीकडच्या दोन रेघा जोडलेली दिसते, आणि तो वेगळाच अध्याय असतो. मी 52 खुणा गटवारीनुसार तपासून पाहिल्या. त्यातल्या 12 डावी-उजवी बाजू बदलली तरी त्याच राहतात, उरलेल्या 40 बदलतात. म्हणजे छायाचित्र मागच्या बाजूचं असेल आणि तुम्ही ते तसंच वाचलंत, तर बहुतेक वेळा चुकीच्या अध्यायावर पोचाल.

एक दिलासा: वर-खाली ओळखणं सोपं आहे. जोडपट्टी नेहमी वरच्या टोकाला असते. मात्र कारागीर खुणा चकतीभर विखरून टाकतो, काही वेळा कडेच्या गोलाईनुसार वळवून बसवतो. तेव्हा प्रत्येक खूण तिच्या पट्टीवरून सरळ करून घ्या, चकतीवरून नव्हे.

दुसरी पायरी: ही गेन्जीको खूणच आहे ना?

उभ्या रेघा पाचच हव्यात. चार किंवा सहा मोजल्या गेल्या तर थांबा. तीन आडव्या रेघा, काही अखंड आणि काही मधे तुटलेल्या, असं असेल तर ती चिनी परंपरेतल्या अष्टत्रिरेखांपैकी, म्हणजे तीन-तीन रेघांच्या आठ चिन्हांपैकी, एक आहे. तीही जपानी वस्तूंवर भरपूर दिसते. दोन खांब आणि वर आडवं लाकूड असेल तर ते शिंतो देवळाचं तोरिई, म्हणजे प्रवेशद्वार, असू शकतं. गाडीचं आरे असलेलं चाक दिसलं तर ते दरबारी बैलगाडीचं. त्याचा गेन्जीच्या कथेशी संबंध असतो, पण सुगंधाच्या खेळाशी नाही.

पाचापेक्षा कमी रेघा दिसल्या म्हणून लगेच सोडूनही देऊ नका. अर्धचंद्राचं किंवा कोगाईचं भोक पुष्कळदा नंतर पाडलेलं असतं, तेव्हा ते नक्षीच्या अंगावर येऊन एखादी रेघ खाऊन टाकतं. अशा वेळी भोकाच्या कडेशी रेघेचा तुटका शेवट दिसतो का ते पाहा.

तिसरी पायरी: रेघांना क्रमांक द्या आणि गट लिहा

हा या लेखाचा गाभा आहे. कागद-पेन्सिल घ्या आणि हळूहळू करा.

1. सर्वांत उजवीकडची रेघ पहिली, डावीकडची पाचवी.

2. पहिल्या रेघेचं वरचं टोक पाहा. ते पट्टीला टेकलंय का? असेल तर पट्टी कुठवर जाते आणि आणखी कोणत्या रेघांची टोकं तिच्यात संपतात, ते लिहा. हा ‘अ’ गट.

3. उरलेल्यांपैकी पुढची रेघ घ्या आणि तेच करा. हा ‘आ’ गट. असं पाचही रेघा संपेपर्यंत. एकटी रेघ म्हणजे एकटीचा गट.

4. आता क्रमानं पाच अक्षरं लिहा. उदाहरणार्थ पहिली आणि तिसरी जोडलेली, बाकी सुट्या, तर: अ, आ, अ, इ, ई.

5. हा संकेत 52 खुणांच्या तक्त्याशी ताडून पाहा. तक्ता सहज मिळतो. मिळाला की तुमच्याच हातानं वहीत उतरवून ठेवा आणि प्रत्येक खुणेशेजारी पाच अक्षरं लिहा. चित्र डोळ्यांनी ताडण्यापेक्षा अक्षरं ताडणं कितीतरी खात्रीचं.

दोन ठिकाणी डोळा फसतो. पहिलं, पट्टीखालून जाणारी आखूड रेघ. तिचं टोक पट्टीला भिडत नाही, खालीच थांबतं. ती त्या गटातली नाही. दुसरं, एकमेकांना छेदणारे गट: पहिली-तिसरी जोडलेली आणि दुसरी-चौथी जोडलेली असेल तर एका गटाची रेघ दुसऱ्याच्या पट्टीला ओलांडते. नियम लक्षात ठेवा: रेघ ज्या पट्टीत संपते, त्या पट्टीची. पट्टीला भेदून वर गेली तर तिचा तिच्याशी संबंध नाही. कागदावर हे लगेच कळतं. लोखंडात छेदाच्या जागी दोन्ही एकजीव झालेले असतात, म्हणून रेघ नेमकी कुठे संपते हे शोधूनच ठरवायचं.

चौथी पायरी: धातू काय सांगतो ते पाहा

एकच खूण निरनिराळ्या पद्धतीनं घडवली की तिच्या वाचनातल्या अडचणीही बदलतात.

चकतीच्या पत्र्यातून रेघा कापून काढल्या असतील, म्हणजे खूण पोकळीनं दिसत असेल, तर वाचन सोपं असतं. उलट प्रकारात कारागीर रेघा ठेवतो आणि भोवतालचा धातू काढून टाकतो. याला जी-सुकाशी म्हणतात. इथे अडचण अशी की रेघ हवेत लटकू शकत नाही. तिला कडेशी किंवा मधल्या सपाट भागाशी कुठेतरी टेकावंच लागतं. ‘हाहाकिगी’च्या पाच सुट्या रेघा अशा घडवायच्या तर प्रत्येकीला आधार द्यावा लागेल. तेव्हा कड म्हणजे जोडपट्टी नव्हे. चकतीची किनार ओळखून ती मनातून वजा करा, मग जे उरेल ते वाचा.

तिसरा प्रकार सोन्या-चांदीच्या जडावाचा. त्यातल्या नुनोमे पद्धतीत लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या चरे पाडतात आणि त्यावर पातळ सोनं ठोकून बसवतात. वापरानं हे सोनं झिजतं. एखादी पट्टी पुसली गेली तर जोडलेल्या रेघा सुट्या दिसू लागतात आणि अध्यायच बदलतो. म्हणून अशा त्सुबावर उजेड तिरपा पाडून पाहा. सोनं गेलेल्या जागी चरांची जाळी अजून शिल्लक असते, आणि ती जाळी म्हणजे हरवलेली पट्टी. छायाचित्र मोठं करून पाहतानाही ही जाळी सापडू शकते.

निळसर काळ्या, अगदी गुळगुळीत जमिनीवर सोन्याची खूण चमकत असेल तर तो धातू बहुधा शाकुदो असतो: तांब्यात थोडं सोनं मिसळून रासायनिक प्रक्रियेनं काळा केलेला. राखाडी छटा असेल तर शिबुइची, म्हणजे तांबं आणि चांदी.

पाचवी पायरी: शेजारचं चित्र पाहा

खूण एकटी असेल तर वाचन तिथेच थांबतं. पण शेजारी एखादं फूल, पक्षी, वस्तू असेल तर त्यातून खात्री होते. जपानी नक्षीकामात माणसं वगळून फक्त त्यांच्या वस्तू दाखवण्याची रीत आहे. वाचकानं उरलेला प्रसंग आठवायचा. गेन्जीच्या बाबतीत या जोड्या पाठ करून ठेवाव्यात अशा आहेत:

- पंख्यावर ठेवलेलं पांढरं वेलीचं फूल: ‘युगाओ’, चौथा अध्याय. फूल तोडायला आलेल्या सेवकाला आतून एक मुलगी पंखा देते, त्यावर ठेवून न्यायला.
- चिमणी आणि टोपली: ‘वाकामुरासाकी’, पाचवा. पाळलेलं चिमणीचं पिल्लू उडून गेलं म्हणून लहान मुरासाकी रडत येते, आणि गेन्जी तिला कुंपणाआडून पहिल्यांदा पाहतो.
- बैलगाड्यांची झटापट: ‘आओई’, नववा.
- काजवे: ‘होतारू’, 25वा.
- मांजर आणि बाजूला सरकलेला पडदा: ‘वाकाना’चा पहिला भाग, 34वा. मांजराच्या दोरीनं पडदा उचलला जातो, आत बसलेली राजकन्या एका तरुणाला दिसते आणि पुढचं सगळं दुःख तिथून सुरू होतं.
- पाण्यावरची होडी: ‘उकिफुने’, 51वा.

खूण आणि चित्र जुळलं तर प्रश्नच नाही. जुळलं नाही तर आधी आपलं वाचन तपासा: बाजू उलटी धरली का, पट्टी झिजली आहे का? तरीही जुळेना, तर कारागिरानं खुणा केवळ शोभेसाठी विखरल्या असतील हे मान्य करा. असं पुष्कळदा असतं. पाच-सहा खुणा एकाच चकतीवर असतील तर त्यांतून सलग गोष्ट काढण्याचा हट्ट मी तरी धरत नाही.

गेन्जीखेरीजच्या साहित्यखुणा

सुगंधखुणा शोधता शोधता दुसऱ्या ग्रंथांच्या खुणाही दिसू लागतील. सर्वांत जास्त भेटणारी जोडी म्हणजे आयरिसची फुलं आणि वाकडातिकडा फळ्यांचा पूल. ही ‘इसे मोनोगातारी’च्या नवव्या प्रकरणातली यात्सुहाशी ही जागा. राजधानी सोडून पूर्वेकडे निघालेला नायक तिथे थांबतो आणि फुलाच्या नावातल्या पाच अक्षरांनी पाच ओळी सुरू होतील अशी कविता रचतो. त्सुबावर माणूस नसतो, फुलं आणि फळ्याच असतात. मेपलची पानं आणि वाहतं पाणी असेल तर ती तात्सुता नदी, शंभर कवींच्या प्रसिद्ध संग्रहात 17व्या क्रमांकावर असलेल्या आरिवारा नो नारिहिराच्या कवितेतली. झाडू आणि दाताळं एकत्र दिसले तर ते नो नाट्यातलं ‘ताकासागो’, पाइन वृक्षाखालचं वृद्ध जोडपं.

पण तलवारीवर हे सगळं कशासाठी?

दरबारी प्रेमकथा आणि वासाचा खेळ, आणि तोही शस्त्रावर: हा प्रश्न पडतोच. सुगंध योद्ध्यांच्या जगात फार आधीपासून होता. नारा इथल्या शोसोइन भांडारातल्या रांजाताई या प्रसिद्ध सुगंधी लाकडाचा तुकडा ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदारानं 1574 साली कापून घेतला, तो केवळ वासासाठी नव्हे, आपली सत्ता दाखवण्यासाठी. 1615 च्या ओसाकाच्या लढाईत किमुरा शिगेनारी या योद्ध्यानं शेवटच्या झुंजीला निघताना शिरस्त्राणाला धूप दिला, अशी कथा सांगतात. सुगंधी लाकडाचं वर्गीकरण ज्या सहा नावांनी होतं, त्यातलं ‘मानाबान’ हे नाव अनेक जाणकार मलबारशी जोडतात. समुद्रमार्गे दक्षिण आशियाशी असलेल्या व्यापाराची ती आठवण असावी.

गेन्जीही योद्ध्यांच्या घरांत शिरला होता. शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी शासक, तोकुगावा इएमित्सु याच्या मुलीचं 1639 साली ओवारीच्या तोकुगावा घराण्यात लग्न झालं, तेव्हा तिला ‘हात्सुने’ या 23व्या अध्यायावर बेतलेला लाखकामाचा संपूर्ण रुखवत दिला होता. तो आज नागोयाच्या तोकुगावा कला संग्रहालयात आहे. 1615 नंतर मोठ्या लढाया सरल्या. सामुराई कारभारी झाला, तलवार दर्जाची निशाणी झाली आणि त्सुबावर कवितेला जागा मिळाली. शिवाय आखूड तलवार सधन व्यापारीही बाळगत, त्यामुळे प्रत्येक गेन्जीको त्सुबा सामुराईचीच होती असं धरू नका.

विकत घेणार असाल तर

काळ आधी तपासा. खेळ 18व्या शतकात रुळलेला असताना ‘16व्या शतकातली गेन्जीको त्सुबा’ असा दावा कुणी केला तर पुरावा मागा. सहीवर विसंबू नका, प्रसिद्ध कारागिरांच्या खोट्या सह्या जुन्या काळापासून कोरल्या जात आहेत. आरपार कोरीव कामाच्या आतल्या भिंती भिंगातून पाहा. हातानं कापलेल्या भिंतीवर कानशीच्या खुणा असतात. ओतीव नकलेत त्या नसतात, उलट बारीक छिद्रं आणि साच्याची शिवण दिसू शकते. मधल्या भोकाच्या टोकांना तांब्याचे लहान तुकडे ठोकलेले असतील तर ती चकती पात्यावर बसवली गेली होती, असं समजायला जागा आहे. जपानमध्ये 1948 साली स्थापन झालेली तलवार संरक्षण संस्था तपासणी करून प्रमाणपत्रं देते. मोठी रक्कम द्यायची असेल तर ते पाहिल्याशिवाय देऊ नका.

घरी आणल्यावर चिंच, लिंबू, पितांबरी यांपैकी काहीही लावू नका. शाकुदोचा काळा रंग हा वरचा पातळ थर असतो, एकदा गेला की गेला. लोखंडाची तपकिरी-काळी झळाळीही तशीच जपायची. कोरड्या मऊ सुती कापडानं हलकं पुसलं तरी पुरतं. आपल्या दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती वेळोवेळी बदला.

विकत न घेताही हा अभ्यास पूर्ण करता येतो. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि बोस्टनचं ललितकला संग्रहालय यांच्या संकेतस्थळांवर त्सुबाचे मोठे संग्रह छायाचित्रांसह पाहता येतात. एका बैठकीत दहा-बारा चकत्या घ्या. प्रत्येकीसाठी वहीत एक ओळ: दर्शनी बाजू कोणती, खुणा किती, प्रत्येकीची पाच अक्षरं, शेजारचं चित्र, अध्यायाचं नाव. संग्रहालयानं अध्याय दिला असेल तर तो शेवटी पाहा. जिथे तुमचं आणि त्यांचं उत्तर वेगळं निघेल, तिथे पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करा.